वाचक विचारतात : ढोल-ताशा पथकासाठी बंद ट्रेलर केवढा घ्यावा?

प्रश्न : आमचे ढोल-ताशा पथक टेक्सासमध्ये डॅलसजवळ सराव करते. सध्या तीस ढोल, दहा ताशे, झांजा, ध्वज आणि बाकीचे सामान सहा-सात सभासदांच्या गॅरेजमध्ये विखुरलेले असते आणि मिरवणुकीच्या दिवशी ते गोळा करण्यातच सकाळ जाते. गणेशोत्सवात ह्यूस्टन आणि ऑस्टिनलाही जावे लागते. म्हणून मंडळाने बंद ट्रेलर घ्यायचे ठरवले आहे. त्यातच सामान वर्षभर ठेवायचे आणि त्यातूनच न्यायचे. काही जण स्वस्त म्हणून ६ बाय १२ फुटांचा घ्यावा म्हणतात, तर काहींच्या मते पुढे पथक वाढेल, तेव्हा आत्ताच साडेआठ बाय २० फुटांचा घेतलेला बरा. ओढण्यासाठी एका सभासदाची होंडा ओडिसी, दुसऱ्याची पेट्रोलवर चालणारी टोयोटा हायलँडर आणि तिसऱ्याचा फोर्ड एफ-१५० ट्रक आहे. आमचा ढोल साधारण २४ इंच व्यासाचा, २२ इंच उंचीचा आणि दहा किलो वजनाचा आहे. कोणता आकार योग्य ठरेल?

उत्तर : आपण ढोलाची मापे कळवलीत हे फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचा निकाल ट्रेलरच्या लांबीपेक्षा रुंदीवर लागतो. विक्रेता सांगतो ती रुंदी बाहेरची असते. ६ फुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये भिंतींची जाडी वजा जाता साधारण ६८ ते ७० इंच जागा उरते, आणि २४ इंचांचे तीन ढोल शेजारी शेजारी ठेवायला ७२ इंच लागतात. म्हणजे तिसरा ढोल अवघ्या दोन-चार इंचांसाठी बाहेर राहतो, एका ओळीत दोनच ढोल बसतात आणि उरलेली पट्टी वाया जाते. १२ फुटांत अशा सहा ओळी धरल्या, तर एका थरात बारा ढोल होतात. तीस ढोलांसाठी तीन थर रचावे लागतील आणि सर्वांत खालचा ढोल काढायचा म्हणजे वरचे दोन उतरवणे आले. ७ फुटी ट्रेलरमध्ये आतली रुंदी बहुधा ८० इंचांच्या पुढे असते, तेथे खोळीसकट तीन ढोल निवांत बसतात. १४ फूट लांबीत एकवीस ढोलांचा एक थर होतो. दोन थर केले की तीस ढोल मावून मागच्या दाराशी ताशे, झांजा आणि माणसाला उभे राहण्यापुरती जागा शिल्लक राहते. ध्वजाच्या काठीचे तुकडे भिंतीलगत आडवे बांधता येतात. दुसरा थर मात्र खालच्या ढोलांच्या पानांवर टेकवू नये. मध्ये प्लायवुडची भक्कम फळी बसवून घ्यावी, नाहीतर एका खड्ड्यात चार पाने फाटतील.

आता वजन पाहू. तीस ढोलांचे साधारण ६६० पौंड, ताशांचे ८० पौंड, फळ्या, मंडप, पाण्याचे खोके, जनरेटर आणि दोऱ्या धरून सगळे सामान १,५०० पौंडांच्या आसपास जाईल. दोन आसांचा (ॲक्सलचा) ७ बाय १४ चा ट्रेलर रिकामा साधारण २,३०० पौंडांचा असतो, म्हणजे भरल्यावर ३,८०० पौंड झाले. ओडिसीची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असल्याने ती येथेच बाद होते. ६ बाय १२ चा एका आसाचा ट्रेलर रिकामा १,४०० पौंडांच्या जवळपास असतो आणि त्याची एकूण कमाल मर्यादा पुष्कळदा २,९९० पौंडच ठेवलेली असते, कारण बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ब्रेक सक्तीचे होतात. त्यात आपले सामान वजनाने जेमतेम बसेल, पण पाच ढोल वाढले की मर्यादा ओलांडली जाईल. शिवाय एकाच आसावर चालणाऱ्या ट्रेलरचे टायर फुटले, तर सावरायला दुसरे चाक नसते.

साडेआठ बाय २० च्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो रिकामाच साडेतीन हजार पौंडांच्या घरात जातो, चाके पेटीच्या खाली असल्याने आत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येतात, आणि १०२ इंच रुंदीची त्याची सपाट छाती वारा अडवते. ढोल आकाराने मोठे पण वजनाला हलके, त्यामुळे आपल्या बाबतीत पेट्रोल जाळते ते सामानापेक्षा हे वाऱ्याचे ओझेच. काही वाहनांच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरील क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. पुढे निमुळते नाक असलेला ट्रेलर घेतल्यास थोडा फायदा होतो आणि त्या कोपऱ्यात खोळी, दोऱ्या व टिपरे ठेवता येतात.

हायलँडरला टोइंगची योग्य सोय असेल, तर तिची मर्यादा ५,००० पौंड आहे, म्हणून ३,८०० पौंड तिला झेपतील असे वाटते. पण येथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या जोडावर पडायला हवा. तो आपल्या बाबतीत पावणेपाचशे पौंडांच्या आसपास येतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर प्रवासी आणि सामान मिळून गाडी किती भार वाहू शकते ते लिहिलेले असते. समजा, तेथे १,२०० पौंड लिहिले आहे आणि गाडीत पाच वादक बसले आहेत. ते ८०० पौंड आणि हिचवरचे ४७५ मिळून १,२७५ झाले, म्हणजे ओढण्याची क्षमता शिल्लक असतानाही गाडी भाराने हरली. हायलँडर जोडायची असेल, तर तिच्यात तिघांपेक्षा अधिक जणांना बसवू नये; लांबच्या प्रवासाला एफ-१५० हेच वाहन धरावे. मात्र त्याचीही पट्टी आणि पुस्तिका पाहिल्याशिवाय निर्णय करू नये, कारण त्याच नावाच्या ट्रकांत इंजिन आणि बांधणीनुसार क्षमता खूप बदलते.

टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला कायद्याने ब्रेक सक्तीचे नाहीत. वाहन उत्पादकांची मर्यादा बहुधा त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, म्हणून दोन्ही आसांवर विजेचे ब्रेक आणि ते चालकाच्या हाताशी देणारा ब्रेक कंट्रोलर गाडीत घेणे सोडू नये. सामान भरताना जनरेटर आणि पाणी आसाच्या किंचित पुढे ठेवावे आणि एकूण भाराचा सुमारे ६० टक्के वाटा ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात असू द्यावा. मागचा भाग जड झाला, तर ह्यूस्टनच्या मोकळ्या रस्त्यावर आडव्या वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. तसे झाल्यास गाडीचा ब्रेक जोरात न दाबता ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावावेत. पहिल्यांदा पूर्ण भरल्यावर मोठ्या ट्रक-थांब्यावरील काट्यावर वजन करून घ्यावे. अंदाजापेक्षा जनरेटर-पाण्यानेच वजन वाढते असा बहुतेकांचा अनुभव आहे.

साठवणीच्या बाबतीत डॅलसचा उन्हाळा विसरून चालणार नाही. बंद पेटीत दुपारी आत बाहेरपेक्षा खूपच जास्त तापते. चामड्याची पाने कोरडी पडतात आणि गणपती नेमके ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. छताला वायुवीजनाचे झाकण असलेला पांढरा ट्रेलर घ्यावा, हंगाम संपल्यावर दोऱ्या सैल कराव्यात आणि पेट्रोल भरलेला जनरेटर आत ठेवू नये. शिवाय ट्रेलर उभा कोठे करणार हे खरेदीआधी ठरवावे, कारण अनेक वसाहतींच्या नियमांत घरापुढे ट्रेलर ठेवण्यास बंदी असते. मंडळाचे अध्यक्ष दर वर्षी बदलतात, ट्रेलर तोच राहतो. म्हणून नोंदणी मंडळाच्या नावावर असावी आणि आतील वाद्यांच्या विम्याबद्दल विमा कंपनीला लेखी विचारावे. ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात बहुधा ती धरलेली नसतात.

तेव्हा ७ बाय १४ फूट, दोन आस, आतली उंची साडेसहा फूट आणि मागे उतरते दार, असा ट्रेलर आपल्याला योग्य ठरेल.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या घराचे नूतनीकरण चालू होणार असून वर्षभर फर्निचर ठेवण्यासाठी जुना मोठा बंद ट्रेलर घ्यावा का?

उत्तर : वर्षभर एकाच जागी उभा राहणार असेल, तर भाड्याचा साठवण कंटेनर हाच सोपा मार्ग आहे, नंतर विकण्याची कटकट नाही आणि नोंदणीही लागत नाही. मात्र कंटेनर असो वा ट्रेलर, आवारात किती दिवस ठेवता येतो, हे आपल्या टाउनशिपला आधी विचारावे. ट्रेलर घ्यायचाच असेल, तर छताच्या आतील फळीवर पाण्याचे डाग आहेत का हे पाहावे आणि दिवसा आत उभे राहून दार बंद करावे; जेथून उजेड आत येतो, तेथून पाऊसही येतो. टायरवरील क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ३२२१ असेल तर तो टायर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली, तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचे टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. फर्निचर भिंतीपासून दोन इंच सोडून लाकडी पट्ट्यांवर ठेवावे, कारण थंडीत पत्र्याच्या आतल्या बाजूने दव साचते आणि गाद्या सर्वांत आधी ओल धरतात.