पऱ्हाटीतलं प्रेम

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. प्रेमकथा लिहाव्याशा वाटतात. पण माझ्या बालपणात ना समुद्र, ना कॉफीशॉप, नुसती कपाशीची पऱ्हाटी. त्यात कसलं प्रेम सापडणार?

उत्तर : अगं, पऱ्हाटीतच तर! सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा झाली की आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू व्हायची. बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं लागायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला अशी टोचतात की संध्याकाळी भाकर मोडताना चटणी-मीठ झोंबतं. मजुरी किलोवर, म्हणून कोणी कोणासाठी थांबत नाही. एक पोरगा मात्र आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ संपली की एका मुलीच्या पातीला समोरून लागायचा. दोघं मध्ये भेटले की वेचलेला कापूस तिच्या ओटीत टाकायचा आणि न बोलता वळायचा. मी तेव्हा ९ वर्षांची होते. माझी पहिली कथा तीच.

रात्री विजेची लाइन आली की गव्हाला ओलित करायला निघालेला नवरा आणि मागे टॉर्च धरून चाललेली बायको, हेही तू पाहिलंच असशील. गाव गोडगुलाबी मात्र करू नकोस. कर्ज, नापिकी कथेत राहू दे, प्रेम त्यातूनच वाट काढतं. आणि संवाद वऱ्हाडीतच लिही. ‘जेवली काय वं?’ यात जी माया आहे, ती मला पुस्तकी वाक्यात कधीच उतरवता आली नाही.

सध्या वावरात काय उभं आहे? तिथूनच सुरुवात कर, आणि पहिलं पान मला पाठव.