कुपवाडचा मेकॅनिकल इंजिनियर: ऑस्ट्रेलिया, जर्मनी की कॅनडा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, शिवाजी विद्यापीठाची बी.ई. मेकॅनिकल, कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत 9 वर्षं. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मिरजेत स्टाफ नर्स. पीआरसाठी, म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या हक्कासाठी, कुठला रस्ता धरावा?

कॅनडाचं गणित आधी उरकतो. तिथे एक्स्प्रेस एंट्री या पद्धतीत गुणांवर निवड होते. पत्नीसह अर्ज केला तर 34 वयाचे 75, पदवीचे 112 आणि सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) 9 इंग्रजीचे 116 गुण. आयईएलटीएस जनरलमध्ये त्यासाठी लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हीत 7 लागतात. पदवी-अनुभव-इंग्रजीच्या जोडगुणांचे 75 धरून बेरीज 378. वहिनींचे इंग्रजी आणि शिक्षणाचे मिळवले तरी गाडी 400 च्या आसपास अडते. 2025 मध्ये कॅनडात आधीच काम केलेल्यांच्या गटाचे कटऑफसुद्धा 500 च्या वर होते. जॉब ऑफरचे गुण 25 मार्च 2025 पासून बंद आहेत, त्यामुळे ‘ऑफर लेटर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मुख्य वाटा दोन उरतात: प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे 600 गुण, किंवा फ्रेंच. चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचची तशीच मोजपट्टी) 7 केलं तर निवडीचा वेगळा ड्रॉ आहे, तिथे मार्च 2025 मध्ये कटऑफ 379 पर्यंत उतरला होता. पण शून्यापासून फ्रेंच तिथवर नेणं नोकरी सांभाळून सोपं नाही. शिवाय दर वाढदिवसाला वयाचे 5 गुण जातात.

ऑस्ट्रेलियात वयाचा हिशेब टप्प्यांचा आहे. 33 ते 39 सरसकट 25 गुण, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. पदवीचे 15, मान्य झालेल्या 8 वर्षांच्या अनुभवाचे 15, आयईएलटीएस चारही 7 असेल तर 10 आणि चारही 8 असेल तर 20. वहिनींचं स्वतंत्र स्किल असेसमेंट (शिक्षण-कामाची अधिकृत तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर 10, नुसतं कामापुरतं इंग्रजी दाखवलं तर 5. पात्रतेला 65 पुरतात, पण आमंत्रण येतं ते जास्तवाल्यांना. राज्याच्या नॉमिनेशनवर मिळणारे दोन व्हिसा आहेत: 190 ला राज्य 5 गुण देतं, रीजनल म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या भागासाठीच्या 491 ला 15. 491 वर 5 वर्षांचा तात्पुरता व्हिसा मिळतो आणि रीजनल भागात 3 वर्षं राहून, कर भरल्याची कागदपत्रं दाखवून 191 या व्हिसाची पीआर. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडलं तर बाकी सगळं रीजनलच, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा. त्यामुळे 491 ला नाक मुरडू नका.

आयईएलटीएसऐवजी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर 65 आणि 79 हे जुने आकडे विसरा. ऑगस्ट 2025 पासून प्रत्येक मॉड्यूलचा आकडा वेगळा आहे.

खरी मेख इंजिनियरची पदवी आणि काम तपासणाऱ्या इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या असेसमेंटमध्ये आहे. कॉलेजला एनबीएची मान्यता आहे एवढ्याने वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनियरिंगच्या पदव्या परस्पर मानण्याचा देशांमधला करार) फायदा मिळत नाही, अभ्यासक्रम एनबीएच्या टियर-1 यादीत आणि तुमचं वर्ष मान्यतेच्या कालावधीत हवं. नसेल तर सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामाचा अहवाल, लिहावा लागतो: तीन करियर एपिसोड (केलेल्या कामांची वर्णनं) आणि त्यांचा सारांश. इथे आपल्याकडची पोरं ‘आम्ही रिजेक्शन कमी केलं’ असं लिहून मोकळी होतात. तिथे चालतो तो ‘मी’. ब्लो होलमुळे कास्टिंग रिजेक्ट होत होतं, तर वाळूचा ओलावा आणि पर्मिएबिलिटी कुणी तपासली, रनर-रायझरचा आकार कशावरून ठरवला, बदलानंतर काय मोजलं, हे गणितासकट हवं. तयार सीडीआर विकत मिळतात, ते कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतात आणि पुढचा अर्जही अडकतो. चुकीची माहिती व्हिसाच्या टप्प्यावर उघडी पडली तर 3 वर्षांची बंदी बसू शकते.

दुसरी अडचण अनुभवाच्या कागदांची. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं स्वरूप हवं. पगार काही बँकेत काही रोख, किंवा पहिली वर्षं लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर पीएफ, असं असेल तर ती वर्षं मोजून घेणं जड जातं. पीएफ पासबुक, फॉर्म 16, 26एएस आणि बँक स्टेटमेंट आजच जुळवून बघा. जिथे जुळत नाही तो काळ अनुभवात मागू नका. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नंतर, वहिनींच्या नर्सिंगच्या कागदांवर माहेरचं नाव, हे सगळं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणी दाखल्याने आधीच बांधून ठेवा. कॅनडासाठी पैसे दाखवताना तासगावच्या द्राक्षबागेचा सातबारा किंवा व्हॅल्युएशन चालत नाही. सहा महिन्यांच्या खात्यातली, स्वतःच्या नावाची, बिनकर्जाची रक्कम लागते.

जर्मनीत गुणांची भानगड ब्लू कार्डला (पदवीधरांसाठीचा नोकरीचा परवाना) नाही, नोकरी लागते. 2026 ची वार्षिक पगाराची किमान मर्यादा 50,700 युरो, इंजिनियरसारख्या कमतरतेच्या व्यवसायांना 45,934 च्या थोडी वर. कायम वास्तव्य 27 महिन्यांनी, बी1 पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनी. नोकरी लागली की ही पीआर लवकर हातात येते, पण घोडं अडतं नोकरीपाशी, कारण कंपन्यांना जर्मन बोलणारा माणूस हवा असतो. चान्सनकार्ट हा नोकरी शोधण्याचा परवाना घेऊन वर्षभर तिथे जाऊन नोकरी शोधता येते, मात्र त्याने थेट पीआर मिळत नाही आणि खात्यात दरमहा हजारावर युरो अडकवून ठेवावे लागतात. आधी ॲनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत विद्यापीठ एच+ (मान्य) आहे का आणि पदवी सापडते का ते पाहा. नसेल तर झेडएबी या जर्मन सरकारी कार्यालयाचं पदवीचं प्रमाणपत्र, फी 208 युरो.

आता वहिनींबद्दल, कारण तुम्ही त्यांना फक्त जोडीदार धरलंय. जर्मनीत नर्सचा रस्ता तुमच्यापेक्षा मोकळा आहे. जीएनएमची मान्यता बहुधा अर्धवट येते, उरलेला फरक तिथल्या रुग्णालयात काम करत प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरता येतो, आणि मालक सहसा बी2 जर्मन मागतो. म्हणून दोघांनी एकाच वेळी जर्मनचा क्लास लावा. तुमचं इंग्रजी आणि सीडीआर ऑस्ट्रेलियासाठी समांतर चालू द्या, कॅनडाची प्रोफाइल सध्या उघडू नका.