नेरुळमधल्या सोसायटीच्या बागेसाठी कमर्शियल लॉन मोअर घ्यायचा आहे. कुठलं इंजिन जास्त टिकेल?

एचपीच्या आकड्यावरून ठरवू नका. दुकानदाराला आधी विचारा, सिलिंडरला बिडाची स्लीव्ह (आतलं अस्तर) आहे का? नुसत्या ॲल्युमिनियमचा बोअर (सिलिंडरची आतली भिंत, जिथे पिस्टन घासतो) धुळीने लवकर झिजतो, मग इंजिन ऑइल खातं आणि निळा धूर सोडतं. होंडाच्या जीएक्सव्ही १६० इंजिनाला अशी स्लीव्ह आहे. रोजच्या कामाला मी तेच सुचवेन.

ब्लेड थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) बसवलेलं असेल, तर पेव्हर ब्लॉकची कड लागली तरी शाफ्ट वाकू शकतो. थरथर वाढली की मशीन लगेच बंद करा.

या इंजिनाला ऑइल १० डब्ल्यू-३० ग्रेडचं. पहिल्यांदा २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. एप्रिल-मेच्या धुळीत मात्र एअर फिल्टर साफ करायला नेहमीच्या ५० तासांची वाट बघू नका, इंजिनाचा खरा घात तिथेच होतो.