मुलीची अध्ययन अक्षमतेची चाचणी चार वर्षांनी पुन्हा करून घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. सातव्या वर्षी चाचणी झाली तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचण्या-लिहिण्यात अडवणारी अध्ययन अक्षमता, निघाला, मग रेमेडियल वर्ग लावले आणि वाचन बरंच सुधारलं. या वर्षी मात्र गुण पुन्हा घसरले. शाळा म्हणते नवा अहवाल आणा, घरचे म्हणतात तिला परत त्या फेऱ्यात कशाला ढकलायचं, आणि मुलगी स्वतः विचारते, "मी बरी झाले नाही का?"

मी विशेष शिक्षिका आहे. चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेतात, माझं काम त्यानंतर सुरू होतं. त्यांचा अहवाल समोर ठेवून मुलाबरोबर रोज बसायचं आणि त्यातलं काय खरोखर वापरता येतं ते शोधायचं. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या मुलीच्या बाबतीत पुन्हा चाचणी करावी असं मला वाटतं. पण शाळेने कागद मागितला एवढ्यासाठी करू नका, आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं पुन्हा करायलाही जाऊ नका.

सातव्या वर्षी मुलांचं काय तपासतात ते आठवा. अक्षर आणि आवाज यांची जोडी जमते का, काना-मात्रा-वेलांटी ओळखता येते का, जोडाक्षर फोडता येतं का, ऐकलेला शब्द लिहिता येतो का. त्या वयात वाचन म्हणजे बहुतांशी हेच. सहावीत प्रश्नच बदलतो. विज्ञानाचा दोन पानी धडा वाचून त्यातलं कारण आणि परिणाम वेगळे काढायचे, इतिहासाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं, गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून आधी काय करायचं ते ठरवायचं, आणि हे सगळं वेळेत. जुन्या अहवालात यातल्या कशाचंच उत्तर नाही, कारण तेव्हा हे विचारलंच नव्हतं.

गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली. वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: छापलेला शब्द उलगडता येणं आणि भाषा समजणं. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरी शून्याजवळ गेली की उत्तर शून्याजवळच येतं. सातव्या वर्षी तुमच्या मुलीची पहिली बाजू कच्ची होती, तिच्यावर काम झालं. आता अडतंय ते नेमकं कुठे, हे बाहेरून दिसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या या वयाच्या मुलांमध्ये मला दोन प्रकार वारंवार दिसतात. काही मुलं मोठ्याने वाचतात तेव्हा एकही शब्द चुकत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की प्रश्न मिटला. पण वेळ लावून बघितलं की कळतं, वर्गातली इतर मुलं पान संपवतात तेव्हा हे मूल दुसऱ्या परिच्छेदात असतं. सगळी शक्ती शब्द उलगडण्यात जाते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. डिस्लेक्सियामध्ये हे नेहमीचं आहे: मेहनतीने अचूकता येते, वेग मात्र पुष्कळदा मागेच राहतो. अशा मुलाला पुन्हा अक्षर-आवाजाच्या धड्यांकडे नेणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. त्याला परीक्षेत जादा वेळ हवा, लांब मजकूर ऐकून शिकण्याची मुभा हवी, ओळखीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचून ओघ वाढवण्याचा सराव हवा.

दुसऱ्या प्रकारच्या मुलांचं वाचन वेगात असतं, अचूकही असतं, पण पुस्तक मिटून "काय वाचलंस?" विचारलं की उत्तर येत नाही. तिथे शब्दसंग्रह, लांब वाक्यांची रचना, न सांगितलेलं ओळखणं यांवर काम करावं लागतं. परीक्षेत दोन्ही मुलांना गुण सारखेच कमी पडतात आणि प्रगतिपुस्तकात दोघं अगदी एकसारखी दिसतात. त्याखेरीज लक्ष टिकत नसेल किंवा हाताने लिहिण्याचाच वेग कमी असेल, तर तीही वेगळी वाट. यातला फरक चांगली चाचणी दाखवते, म्हणून मी हो म्हणते.

चाचणीची वेळ मिळेपर्यंत घरी एक गोष्ट सुरू करा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले स्टॅनली डेनो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०-८०च्या दशकांत ही पद्धत बसवली आणि ती आजही वापरतात. तिच्या इयत्तेच्या पातळीचा, पण तिने आधी न वाचलेला उतारा घ्या. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. असे तीन उतारे, तीन आकडे, त्यातला मधला आकडा तारखेसह वहीत लिहा. नंतर एकदा "यात काय होतं ते सांग" एवढंच विचारा आणि तिचं उत्तर दोन ओळींत टिपा. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांत होतं. चुकलेल्या शब्दावर तिला टोकू नका आणि आकडा तिच्यासमोर चर्चेला घेऊ नका. दीड-दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. आकडा सरळ वर चढतोय आणि तरी गुण घसरताहेत, तर दोष वाचनवेगाचा नाही, दुसरीकडे बघा. आकडा जागचा हलतच नसेल तर चाचणी घेणाऱ्यासाठी ही वही सोन्याची आहे, कारण एका सकाळच्या चाचणीत मुलाचा तो दिवस दिसतो, वहीत दोन महिने दिसतात.

आणि चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. चार वर्षांत नजर बदलते. झोप, वर्गातला त्रास, शिकवण्याची भाषा बदलली असेल तर तेही. हे इतकं साधं असतं की मोठ्या अहवालाच्या नादात राहून जातं.

आता आकड्यांविषयी, कारण नवा अहवाल हातात आल्यावर तुम्ही पहिल्यांदा दोन अहवाल शेजारी ठेवाल. समजा शब्दवाचनाचा प्रमाणित गुण तेव्हा ९२ होता आणि आता ८७ आला. बहुतेक पालक इथे खचतात: एवढी मेहनत करून मुलगी मागे गेली! तसं झालेलं नसतं. या चाचण्यांत मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ यांच्या मध्ये येतात. डॉक्टरांकडच्या उंचीच्या तक्त्यासारखं आहे हे: मूल दर वर्षी वाढत असतं, पण तक्त्यावरची रेघही वर जात असते. तिने चार वर्षांत शेकडो नवे शब्द वाचायला शिकले असतील, आणि तरी वयाच्या इतर मुलांनी किंचित जास्त वेग घेतला तर आकडा खाली येतो. ती मागे गेली का हे बघायचं असेल तर तिच्या तेव्हाच्या आणि आताच्या प्रत्यक्ष कामाचा नमुना बघा, वही बघा.

शिवाय मोजमापात प्रत्येक आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो. चांगल्या अहवालात गुणाशेजारी एक पट्टा दिलेला असतो, जसा ८१ ते ९३. दोन अहवालांतले पट्टे एकमेकांवर येत असतील तर चार-पाच गुणांच्या फरकावरून घरात वाद घालू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हेही लक्षात ठेवा. १६वा पर्सेंटाइल पाहून एका आजोबांना वाटलं होतं की नातवाला शंभरात सोळा मिळाले. त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या वयाच्या शंभर मुलांमधली साधारण सोळा त्याच्या मागे आहेत, आणि प्रमाणित गुणात ते ८५ होतात.

चाचणीची आवृत्ती तीच आहे का हेही विचारा. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीची चौथी आवृत्ती २००३ मध्ये आली, पाचवी २०१४ मध्ये. आवृत्ती बदलली की तुलनेची मुलं नवी, काही उपचाचण्याही वेगळ्या. तेव्हा जुना आणि नवा बुद्ध्यंक वजाबाकी करून बघण्यात अर्थ नसतो.

बुद्ध्यंक पुन्हा काढायचाच का, हाही माझा प्रश्न असतो. पूर्वी बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाचे गुण यांत मोठी तफावत असेल तरच अध्ययन अक्षमता मानली जायची. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ती तफावतीची अट राहिली नाही. मूल कमीत कमी सहा महिने नेमकी मदत मिळूनही अडतंय का, आणि त्याची कौशल्यं वयाच्या मानाने बरीच खाली आहेत का, हे तिथे बघतात. सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक तेव्हा ती आजारी किंवा घाबरलेली नसताना नीट काढलेला असेल, तर वाचनाचा वेग, आकलन, लेखन, गणित आणि लक्ष एवढ्यावर भर द्या अशी विनंती करता येते. तासाभराचा ताण वाचतो. मानसशास्त्रज्ञाला बुद्ध्यंक आवश्यक वाटला तर कारण विचारा. कारण पटण्यासारखं असू शकतं, परीक्षा मंडळाच्या नियमातही तशी अट असू शकते.

सवलतींचं तेवढं आधी बघा. परीक्षा घेणाऱ्या संस्था बहुधा अलीकडचा अहवाल मागतात, आणि "अलीकडचा" म्हणजे किती जुना चालतो हे प्रत्येकीचं वेगळं. शाळेला लेखी विचारा: कोणाचा अहवाल लागेल, किती जुना चालेल, त्यात कोणत्या चाचण्या हव्यात. नाहीतर सहावीत केलेली चाचणी मोठ्या परीक्षेच्या वर्षी जुनी ठरते आणि मुलीला तिसऱ्यांदा बसावं लागतं.

थांबावं असंही कधी कधी असतं. घरात नुकतंच दुःख झालं असेल, शाळा बदलून महिनाच झाला असेल, औषध नुकतं सुरू केलं असेल किंवा तीच चाचणी वर्षभराच्या आत झाली असेल तर मी थांबायला सांगते. शेवटच्या बाबतीत मुलाला प्रश्नांची सवय झालेली असते आणि काही गुण आयतेच वाढून येतात. तुमच्याकडे चार वर्षं गेली आहेत, ती अडचण नाही.

घरच्यांच्या विरोधाकडे मी हलकेपणाने बघत नाही. सात वर्षांच्या मुलीला अनोळखी खोलीत तीन तास बसवून तिला न येणाऱ्या गोष्टी एकामागून एक विचारल्या, तर ते ती विसरत नाही. पण त्यामागे कुठेतरी अशी आशा असेल की या वेळी "आता काही नाही" असं लिहून मिळेल, तर ती आधीच बोलून टाका. डिस्लेक्सिया जात नाही. त्याच्यासह उत्तम वाचता येतं, शिकता येतं. आणि मदतीमुळे गुण सुधारले असतील तर तसं अहवालात स्पष्ट लिहून घ्या, कारण "गुण सरासरीत आहेत" या एका वाक्यावर मदत काढून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि वर्षाच्या आत ती पुन्हा अडली.

मुलीला खोटं सांगू नका. "डॉक्टरकाकांकडे गंमत करायला जायचंय" हे अकराव्या वर्षी चालत नाही. सांगा, "तू बरी व्हायला आजारी नव्हतीस. तेव्हा वाचायला कसं शिकवायचं ते आम्हाला कळत नव्हतं. आता सहावीचा अभ्यास वेगळा आहे, म्हणून तुला कशाने सोपं जाईल ते पुन्हा बघायचंय." आणि तिला स्वतःचा एक प्रश्न घेऊन जाऊ द्या. एका मुलीने लिहून नेलं होतं: "मला उत्तर येतं, पण लिहायला गेले की अर्धंच का उरतं?" त्या प्रश्नामुळे लेखनाची चाचणी घेतली गेली, नाहीतर ती यादीत नव्हतीच.

वेळ ठरवताना मानसशास्त्रज्ञाला विचारा की निकाल मुलीला ते स्वतः समजावून सांगतील का, तिच्या भाषेत, तिला काय चांगलं जमतं त्यापासून सुरुवात करून. अहवाल फक्त पालकांच्या हातात देऊन मोकळे होणार असतील तर दुसरं नाव शोधा, महिनाभर जास्त थांबावं लागलं तरी चालेल.