रेडिओवर एकच कलाकार चार विनोदी पात्रांचे आवाज कसे काढतो? गोव्यात हे शिकायचं तर कुठे?

नुसता घसा बारीक-जाड करून पात्र उभं राहत नाही, नवशिके तिथेच अडकतात. आवाज वेगळा वाटतो तो बोलण्याच्या गतीमुळे, श्वास कुठे घेता त्यामुळे आणि मुख्य म्हणजे बोलीमुळे. गोव्यात तर ही खाणच आहे. पेडण्याचं बोलणं मालवणीकडे झुकतं, फोंड्याकडे अंत्रुजी बोली, सासष्टीच्या ख्रिस्ती बोलीत पोर्तुगीज शब्द सहज येतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तासभर कान देऊन उभे राहा. भाव करणारी बाई वाक्याचा शेवट कसा ओढते आणि गिऱ्हाईक वळलं की आवाज किती खाली आणते, ते ऐका.

माइकसमोर म्हातारा थोडा दूरून, श्वासासकट बोलवा. कानगोष्ट करणारं पात्र जवळ आणा, पण तोंड जरा तिरकं ठेवा, नाहीतर 'प', 'फ' फुटतात. दोन पात्रांच्या संवादात प्रत्येकासाठी मान वेगळ्या बाजूला वळवा, शरीर बदललं की आवाज आपोआप बदलतो.

शिकायला माझ्या मते दशावतारातला संकासूर उत्तम. काळ्या वेशातलं हे पात्र आयत्या वेळी सुचलेल्या बोलण्यावर प्रेक्षकांना धरून ठेवतं. तियात्रातले (गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकातले) विनोदी नट पण जरूर ऐका, त्यांचं टायमिंग पक्कं असतं. पणजी आकाशवाणी (मुक्तीपूर्वीची एमिसोरा द गोवा) नाट्यकलाकारांच्या आवाजाची चाचणी घेते, तिची चौकशी केंद्रातच करा. आणि कृपा करून एखाद्या समाजाची बोली त्याला हिणवण्यासाठी वापरू नका.