भूपाच्या चालीखाली कॉर्ड का टोचतात

नमस्कार. तुमची अभंगाची चाल भूप रागातली, पट्टी पांढरी एक, म्हणजे सा हा सी. एफएल स्टुडिओ या संगीत सॉफ्टवेअरच्या पियानो रोलमध्ये (स्वर मांडायच्या जाळीत) स्टॅम्पने, म्हणजे तयार कॉर्ड एका क्लिकमध्ये टाकणाऱ्या साधनाने, सी, एफ आणि जी मेजर या कॉर्ड (एकदम वाजणारे तीन स्वर) टाकल्यावर धक्के बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मुखडा फार गोड झालाय, त्याला हात लावू नका. बदलायच्या त्या कॉर्ड.

भूपात म आणि नी नाहीत. एफ मेजर म्हणजे म-ध-सा, जी मेजर म्हणजे प-नी-रे. म्हणजे दोन्हींत रागाबाहेरचा स्वर आलाच. कळव्यात एका भजनाच्या रेकॉर्डिंगला मीही हेच केलं होतं. बुवा धैवतावर थांबले, मी खाली एफ धरला. त्यांनी गाणं थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "हा मध्यम कुठनं आला?" तेव्हापासून मी आधी रागाचे स्वर कागदावर लिहितो, मग सॉफ्टवेअर उघडतो.

या पाच स्वरांत मेजर-मायनर कॉर्ड दोनच बसतात: सा-ग-प म्हणजे सी मेजर आणि ध-सा-ग म्हणजे ए मायनर. पण त्यांच्यातली गंमत बघा, सा आणि ग दोन्हींत आहेत, फक्त प चा ध होतो. स्टॅम्पने दोन्ही मूळ मांडणीत (कॉर्डच्या नावाचा स्वर सगळ्यांत खाली) टाकल्या की तिन्ही स्वर एकदम उडी मारतात, धक्का तिथे बसतो. पेटीवर आपण हात उचलत नाही, एकच बोट सरकवतो. इथेही तसंच करा. मिडी क्रमांकाने (सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वराला असलेल्या नंबराने) सांगतो, कारण ६० क्रमांकाच्या मध्य सा ला एफएल सी ५ म्हणतं, इतर सॉफ्टवेअर सी ४ किंवा सी ३. आधी ६०-६४-६७, मग ६०-६४-६९. तिसरा रंग हवा तर ६०-६२-६७, म्हणजे सा-रे-प. त्याच्याखाली बेसला प ठेवलात की जी सस फोर (नी च्या जागी सा असलेली जी कॉर्ड) होते: जी चा ओढा मिळतो आणि नी टळतो. बेस वेगळ्या ट्रॅकवर घ्या, तिन्ही कॉर्डना अनुक्रमे: ४८ (सा), ४५ (ध), ४३ (प).

भजनी ठेक्याच्या ८ मात्रांना एकच कॉर्ड पुरे, बदल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. चाल ध वर रेंगाळते तिथे ए मायनर, ग वर थांबते तिथे दोन्ही लावून कानाला विचारा.

अंतऱ्यात तुम्ही तार सा धरलाय, त्या आवर्तनात मात्र कॉर्ड काढून टाका. नुसते सा-प राहू द्या.