०-३ वरून परतता येतं का?

प्रश्न : अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) माझा संघ सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ ने मागे आहे. आशा ठेवू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ठेवा, पण बेताने. संघ तोडीस तोड धरले तरी सलग चार विजयांची शक्यता सोळात एक. ०-३ वरून मालिका जिंकली ती फक्त २००४ च्या बोस्टन रेड सॉक्सने, तीही कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध! चौथ्या सामन्यात नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या डावात एका धावेने मागे असताना बोस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (चेंडू फेकला जात असतानाच पळून पुढचा टप्पा गाठला), बरोबरी झाली, जादा खेळात बाराव्या डावात सामना खिशात. २०२० मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने ०-३ वरून ३-३ केलं, पण सातवा गमावला.

खरी अडचण पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची. सामना सुरू करणाऱ्या पिचरला साधारण चार दिवसांची विश्रांती लागते. तीनच दिवसांत उतरवला तर दम लवकर संपतो आणि भार राखीव पिचरांवर येतो. तेव्हा चौथ्या सामन्याला कोण टाकतोय, ते आधी बघा. न्यूयॉर्कचा रात्री आठचा सामना ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे साडेपाचला, गजर लावा.